वॉरंटीतला लॅपटॉप आणि तारखेतलं काम : बार्शीतलं एक प्रकरण

वॉरंटीतला लॅपटॉप बंद पडला तर कंपनीकडे द्यायचा की ओळखीच्या दुरुस्तीवाल्याकडे, हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. छोट्या ऑफिसांचे संगणक सांभाळणं हाच माझा धंदा, त्यामुळे दोन्हीकडचं बरंवाईट डोळ्यांसमोर असतं. त्यातलं एक प्रकरण इथे सविस्तर मांडतोय. यात दोन्ही रस्ते वापरावे लागले, आणि आधी कोणता वापरायचा यावरच सगळं अडलं होतं.

ऑफिस बार्शीतलं, एका कर सल्लागार मॅडमचं. हाताखाली दोन मुली, एक जुना डेस्कटॉप, एक प्रिंटर, आणि सगळा कारभार ज्याच्यावर चालतो तो लॅपटॉप. क्लायंट म्हणजे मार्केट यार्डातले अडते, दोन-तीन डाळमिलवाले, किराणा आणि कापड दुकानदार. लॅपटॉप डिसेंबर २०२२ मध्ये ६२ हजारांना घेतलेला, तीन वर्षांच्या ऑनसाइट वॉरंटीसह, म्हणजे दुरुस्तीला अभियंता जागेवर येणार. मंगळवार, ८ ऑक्टोबर २०२४ ला सकाळी तो सुरूच झाला नाही. चार्जर लावल्यावर कडेचा दिवा लागत होता. बटण दाबलं की कीबोर्डखालचा उजेड क्षणभर यायचा आणि जायचा. पंखा हलत नव्हता.

ज्यांना जीएसटीचं वेळापत्रक माहीत आहे त्यांना या तारखेचा अर्थ लगेच कळेल. दरमहा विवरण भरणाऱ्यांचा जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं विवरण, ११ तारखेला, तिमाहीवाल्यांचा १३ ला, कर भरायचं विवरण म्हणजे ३बी २० ला, आणि महाराष्ट्रातल्या तिमाहीवाल्यांचा ३बी २२ ला. ऑक्टोबर म्हणजे तिमाही संपल्यानंतरचा महिना, म्हणजे सगळे एकदमच अंगावर. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये लेट फी. पण खरी भीती त्या पन्नास रुपयांची नसते. अडत्याचा जीएसटीआर-१ वेळेत गेला नाही, तर १४ तारखेला निघणाऱ्या २बी या खरेदीच्या यादीत त्याच्या खरेदीदाराला खरेदीवरच्या कराचं क्रेडिट दिसत नाही, आणि मग तो खरेदीदार अडत्याच्या आणि अडत्या मॅडमच्या डोक्यावर बसतो. त्यात १२ तारखेला दसरा. खंडेनवमीला पूजेत काय ठेवायचं, असा विनोद ऑफिसातल्या दोन मुलींपैकी एकीने केला, पण तेव्हा कुणी हसलं नाही.

मॅडमचा पहिला फोन मला, दुसरा कंपनीला. कंपनीच्या माणसाने फोनवर नेहमीचं करून घेतलं: चार्जर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून ठेवा, परत लावा, बाहेरचा मॉनिटर जोडून बघा. फरक शून्य. मग पिनकोड विचारला आणि सांगितलं, की ऑनसाइट असली तरी तुमचं ठिकाण शहराच्या हद्दीबाहेर आहे, दोन-तीन कामाचे दिवस जास्त लागतील. वॉरंटीतल्या ‘नेक्स्ट बिझनेस डे’, म्हणजे कामाच्या दुसऱ्या दिवशी, या शब्दांवर लोक फार विसंबतात. तो दुसरा दिवस तुम्ही फोन केल्यापासून मोजत नाहीत. दोष नक्की झाला आणि पार्ट हाताशी आला, की मग मोजणी सुरू. जिल्ह्याच्या गावापासून ७० किलोमीटरवर असाल तर त्यावर हे जास्तीचे दिवस.

तोपर्यंत मॅडमच्या मिस्टरांना एकाने सोलापूरच्या चिप लेव्हलवाल्याचं, म्हणजे बोर्डवरचे बारीक भाग बदलणाऱ्या दुरुस्तीवाल्याचं, नाव सांगितलं होतं. ते त्याच दुपारी कामाला सोलापूरला निघाले होते, लॅपटॉप घेऊन मीही सोबत गेलो. गाळा आठ बाय दहाचा. एका बाजूला लॅपटॉपचे उघडे बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, रचलेले, टेबलावर मायक्रोस्कोप, हॉट एअरची गन, आणि स्क्रीनवर कुठल्यातरी बोर्डचा नकाशा. दादांनी लॅपटॉप उघडला नाही. चार्जर आणि मशीन यांच्यामध्ये बोटाएवढा टाइप-सी मीटर लावला आणि बटण दाबलं. आकडे मला दिसावेत म्हणून मीटर माझ्याकडे वळवला. व्होल्टेज २० वर स्थिर, म्हणजे चार्जर आणि मशीनची बोलणी नीट होतायत. करंट मात्र बटण दाबलं की उसळायचा आणि लगेच शून्याजवळ पडायचा.

“बोर्डवर कुठंतरी शॉर्ट आहे,” ते म्हणाले. “प्रोटेक्शन लागतंय. बहुतेक एखादा कपॅसिटर गेलाय. साडेतीन-चार हजार होतील, परवा देतो.”

मिस्टरांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. तेवढ्यात दादांनी विचारलं, “वॉरंटी किती उरलीय?”

“चौदा महिने.”

“मग मला हात लावायला लावू नका. माझा सोल्डर एकदा बोर्डवर दिसला की कंपनी हा बोर्ड परत कधी घेणार नाही. आधी त्यांचं बघा. नाहीच म्हटले तर मी आहेच की.”

सगळेच असे नसतात, हे मलाही माहीत आहे. पण दुरुस्तीवाला चांगला की वाईट, हे बघायला माझ्याकडे याहून सोपी कसोटी नाही: वॉरंटीबद्दल तो आपणहून विचारतो का? जो न विचारता स्क्रू काढायला लागतो, त्याच्याकडून उठावं.

आधी डेटा

परत येताना गाडीत मॅडमचा फोन आला आणि त्यांनी विचारलं, की लॅपटॉप कधी मिळेल. माझं उत्तर होतं, की ते माहीत नाही, पण काम उद्या सकाळी सुरू होईल. त्यांना ते पटलं नाही. साहजिक आहे. बंद पडलेली वस्तू आणि अडलेलं काम या दोन गोष्टी माणसाला एकच वाटतात. त्या वेगळ्या केल्या की ‘कंपनी की गावातला’ या प्रश्नातली निम्मी धास्ती निघून जाते. घाई सगळी कामाची होती. बोर्डला कसलीच घाई नव्हती.

या लॅपटॉपमधली एसएसडी, म्हणजे सगळा डेटा असलेली डिस्क, सुटी होती. एम.२ प्रकारची, च्युइंगगमच्या पट्टीएवढी, एका स्क्रूवर बसवलेली. मागचं झाकण काढलं की ती बाहेर येते. इथे लगेच प्रश्न येतो: झाकण काढलं म्हणजे वॉरंटी गेली ना? बहुतेक मोठ्या कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये नुसतं झाकण उघडल्याने ती जात नाही. रॅम आणि एसएसडी कशी बदलायची याच्या पुस्तिका कंपन्या स्वतःच देतात. उघडताना तुमच्या हातून काही तुटलं, तर ते मात्र तुमच्या अंगावर. ‘सील तोडल्यास वॉरंटी रद्द’ अशा स्टिकरवरून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एप्रिल २०१८ मध्ये सहा कंपन्यांना तंबीची पत्रं धाडली होती. तो त्यांच्याकडचा कायदा. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना मिळून २,५४४.६५ कोटींचा दंड केला, तेव्हा बाहेरच्या गॅरेजात गाडी नेली म्हणून वॉरंटी नाकारण्याच्या पद्धतीवरही ताशेरे होते. पुढे अपिलं झाली, आणि ते प्रकरण गाड्यांचं होतं. लॅपटॉपच्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर त्याचा हवाला देऊन काही पदरात पडत नाही. तिथे त्या मशीनच्या वॉरंटी पत्रकात काय छापलंय तेच चालतं, म्हणून आम्ही ते आधी वाचलं. सुटी एसएसडी ग्राहकाने काढायला हरकत नव्हती.

उघडण्याआधी फोटो काढले: चारही बाजू, सीरियल नंबर, खालचे स्क्रू, आणि झाकण निघाल्यावर आतला बोर्ड. कुठे जळाल्याचा डाग नाही, पाण्याची खूण नाही. ओल लागली की रंग बदलणारी छोटी स्टिकरं आत असतात. ती पांढरीच होती, त्यांचाही जवळून फोटो घेतला. हे फोटो पुढे फार कामाला आले.

एसएसडी एका केसमध्ये घालून डेस्कटॉपला लावली, आणि विंडोजने ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागितली.

इथे बरेच लोक हबकतात. विंडोज ११ असलेल्या बहुतेक नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, मालकाला न विचारता. लॅपटॉप चोरीला गेला तर हे उत्तमच. पण कुलपाची किल्ली बोर्डवरच्या सुरक्षा चिपकडे असते, आणि बोर्डच मेला की राखीव किल्ली लागते. ती असते मायक्रोसॉफ्टच्या खात्यात. खातं कुणाचं? इथे घोडं अडलं. लॅपटॉप घेतला तेव्हा दुकानातल्या मुलाने तिथल्या तिथे एक जीमेल तयार करून त्यावर खातं उघडून दिलं होतं. मॅडम रोज चार आकडी पिन टाकून आत जात होत्या. तो ईमेल पत्ता काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि दुकानातला तो मुलगा कधीच नोकरी सोडून गेला होता.

सुदैवाने त्याने खातं उघडताना मोबाइल नंबर मॅडमचा दिला होता. नंबरवरून खातं सापडलं, ओटीपी आला, पासवर्ड बदलला, आणि खात्यातल्या यादीत दोन किल्ल्या दिसल्या. कोणती आपली हे ओळखायला स्क्रीनवर किल्लीच्या आयडीची पहिली आठ अक्षरं दिलेली असतात, ती जुळवायची. जुळली. डिस्क उघडली. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं डेटा फोल्डर, क्लायंटच्या एक्सेल, स्कॅन केलेली बिलं, डाउनलोड्समध्ये पडलेला सगळा पसारा डेस्कटॉपवर घेतला. शेवटचा पेनड्राइव्ह बॅकअप ऑगस्टमधला निघाला, म्हणजे ही किल्ली मिळाली नसती तर तिमाहीचं निम्मं काम परत बिलं हुडकून करावं लागलं असतं.

डेस्कटॉपवर टॅली टाकलं तर ते एज्युकेशनल मोडमध्ये उघडलं. परवाना लॅपटॉपला बांधलेला, तो इकडे सक्रिय करेपर्यंत महिन्याच्या फक्त १, २ आणि ३१ तारखेच्या नोंदी करता येतात. रिपोर्ट बघायला तेवढं पुरतं, नव्या नोंदी टाकायला नाही. मॅडमच्या नावावरच्या ईमेलवर कोड मागवून परवाना हलवला. डिजिटल सही यूएसबी टोकनमध्ये, ती तर मुळातच लॅपटॉपमध्ये नव्हती. टोकनचा ड्रायव्हर टाकला आणि बुधवारी दुपारी पहिला जीएसटीआर-१ गेला.

मग एसएसडी परत लॅपटॉपमध्ये बसवली, झाकण लावलं. डेटा हाती आल्यावर बोर्ड पंधरवड्याने बदलला तरी चालणार होतं. सोलापूरच्या दादांचे चार हजार आणि ‘परवा देतो’ यांतलं ‘परवा’ आता कुणाला नको होतं.

बिजागरीचं लफडं

गुरुवारी कंपनीने चार बाजूंचे फोटो मागितले. शुक्रवारी ईमेल आलं: ग्राहकाकडून झालेलं भौतिक नुकसान आढळलं आहे, सबब दुरुस्ती वॉरंटीत बसत नाही. सोबत अंदाजपत्रक. मदरबोर्ड, स्क्रीनमागचं झाकण आणि बिजागरी मिळून साडेचाळीस हजार. त्यातला बोर्ड एकटा चौतीस हजारांचा.

‘भौतिक नुकसान’ म्हणजे उजवीकडची बिजागरी. स्क्रीन उघडताना उजव्या कोपऱ्यात झाकणाची शिवण फाकत होती, आणि ते चार-सहा महिन्यांपासून होतं. हा दोष गल्लोगल्ली दिसतो. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात ते नट झाकणाच्या प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. बिजागरी दिवसेंदिवस कडक होते, माणूस एका कोपऱ्याला धरून स्क्रीन उघडतो, आणि एक दिवस प्लास्टिकची खुंटी नटासकट उपटून येते. हा वापरणाऱ्याचा हलगर्जीपणा की घडणीतला दोष? माझं मत विचाराल तर दुसरं. दिवसातून चार वेळा उघडायची वस्तू दोन वर्षांत उघडून-उघडून तुटत असेल, तर उघडणाऱ्याची चूक कशी? पण काउंटरवर हा वाद मी सहसा घालत नाही. फुटलेलं प्लास्टिक समोर असताना तो जिंकणं अवघड, आणि त्या नादात मोठी गोष्ट हातची जाते.

इथे मोठी गोष्ट बोर्ड होती.

अंदाजपत्रक बघून मॅडम वैतागल्या. “जाऊ दे, देऊन टाका सोलापूरला. चार हजारांत होतंय तर कशाला यांच्या नाकदुऱ्या काढायच्या?” माझ्या अनुभवात नव्वद टक्के माणसं इथेच वॉरंटी सोडून देतात. आकडा मुद्दाम मोठा लावतात असं मी म्हणणार नाही, पण मोठ्या आकड्याचा परिणाम तोच होतो. माझं म्हणणं एवढंच होतं, की नकार फोटो बघून आलाय, मशीन बघून नव्हे. कुणीही आत डोकावलेलं नाही. त्या नकाराला अजून लेखी उत्तर दिलेलं नाही, आणि डेटा हाताशी असल्याने आपल्याला घाई नाही.

ईमेलचं उत्तर आम्ही दोघांनी बसून लिहिलं. त्यात राग नव्हता, धमकीही नव्हती. तक्रार ‘मशीन सुरू होत नाही’ अशी आहे, बिजागरीची तक्रार केलेलीच नाही. तडा उजव्या बाजूला आहे, चार्जिंगचं पोर्ट डाव्या बाजूला. बाहेरचा मॉनिटर लावूनही काही येत नाही, म्हणजे स्क्रीनच्या केबलचा संबंध नाही. आत जळाल्याची किंवा ओलीची खूण नाही, फोटो जोडले आहेत. बिजागरीमुळे बोर्ड गेला असं कंपनीचं म्हणणं असेल तर ते कसं, हे अभियंत्याने मशीन उघडून पाहून लेखी कळवावं. बिजागरीचा खर्च वॉरंटीत धरू नका, आमची हरकत नाही.

शेवटचं वाक्य मॅडमना खटकलं. हक्क का सोडायचा? पण त्या वाक्याने दोन दोष एकमेकांपासून सुटे झाले, आणि समोरच्याला ‘हो’ म्हणायला जागा मिळाली. कंपनीची शंका अगदीच निराधार नव्हती, हेही मान्य करायला हवं. तुटलेली बिजागरी कधीकधी खालच्या पॉवर जॅकवर किंवा बोर्डच्या कडेवर दाब देते आणि तिथून बिघाड होतो. आमच्या मशीनमध्ये दोन्ही गोष्टी विरुद्ध टोकांना होत्या, म्हणून मुद्दा टिकला. त्याच बाजूला असत्या तर मी कदाचित वेगळा सल्ला दिला असता.

कायद्याची तयारी मनात होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातल्या आयोगाकडे करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधीची पायरी म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, १९१५. तिथे नोंद केली की बऱ्याचदा कंपनीतला जरा वरचा माणूस फोन करतो. एक अडचण होती. लॅपटॉपचं बिल फर्मच्या नावाने, जीएसटी नंबर टाकून घेतलेलं. धंद्यासाठी घेतलेली वस्तू म्हणजे तुम्ही ‘ग्राहक’च नाही, असा बचाव कंपन्या घेतात. कायद्यातच त्याला उत्तर आहे: निव्वळ स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूत धरत नाहीत. मॅडमचं ऑफिस त्यात बसलं असतं असं मला वाटतं, पण वाद झालाच असता. वेळ आली नाही.

सोमवारी फोन आला, मंगळवारी १५ तारखेला सोलापूरहून अभियंता आला. मुलगा चांगला होता, पण पहिलं काम त्याने जॉबशीट भरायचं केलं, आणि दोषाच्या रकान्यात लिहिलं ‘हिंज ब्रोकन, नो पॉवर’. मॅडमनी पेन थांबवलं. “अगोदर नो पॉवर लिहा ना दादा. हिंज तक्रारीत नाही, शेरा म्हणून खाली लिहा.” त्याने खोडून तसं लिहिलं. वाचताना हे किरकोळ वाटेल. पण पार्ट मंजूर करणारा माणूस मशीन बघत नाही, हा कागद बघतो, आणि पहिल्या ओळीत बिजागरी असली की त्याचा हात आखडतो. जॉबशीट न वाचता सही करणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय छंद आहे.

त्याने उघडलं, फोटो वर पाठवले, बोर्ड मंजूर झाला. मधे शनिवार-रविवार, मग पार्ट आला, आणि सोमवारी २१ तारखेला बोर्ड बसला. तोवर मासिक ३बी डेस्कटॉपवरून जाऊन चुकले होते.

बोर्ड बसल्यावरही काम संपत नाही. नव्या बोर्डमध्ये मशीनचा सीरियल नंबर भरावा लागतो. तो रिकामा राहिला तर पुढच्या वेळी कंपनीच्या साइटवर वॉरंटी सापडत नाही. विंडोजचा परवानाही बोर्डमध्येच असतो, तेव्हा ‘ॲक्टिव्हेटेड’ दिसतंय ना, हे अभियंता दारात असतानाच बघायचं. आणि सुरू केल्याबरोबर निळ्या पडद्यावर तीच ४८ आकड्यांची किल्ली. चिप नवीन, तिला जुनी डिस्क ओळखू येत नाही. अभियंत्याने सवयीने सांगितलं, “मॅडम, की नसेल तर विंडोज नवीन टाकावं लागेल, डेटा जाईल.” मॅडमनी ड्रॉवरमधून छापलेला कागद काढला. डेटाची जबाबदारी कंपनीची नाही, हे प्रत्येक वॉरंटीत स्वच्छ लिहिलेलं असतं, आणि त्यात मला गैर काही वाटत नाही.

मग गावातला माणूस कशासाठी?

बिजागरी उरलीच होती. मी मुद्दाम तीन-चार आठवडे जाऊ दिले. वॉरंटीत बसवलेले बोर्ड बहुधा दुरुस्त करून तपासलेले असतात, कंपन्या तसं वॉरंटी पत्रकात म्हणतातही. अशा बोर्डात काही खोट असेल तर ती बहुतेक सुरुवातीलाच दिसते. त्या काळात तो परत गेला असता, तर अभियंत्याने जसं मशीन पाहिलं होतं तसंच ते पुन्हा त्याच्यासमोर असायला हवं होतं. मध्येच कुणी झाकणात भोकं पाडून ठेवलेली मला नको होती.

बार्शीतल्या एकाने तेच सुचवलं: झाकणाला आरपार भोक, वरून स्क्रू, आतून नट. टिकतं, पण पाठीवर दोन स्क्रूची डोकी कायमची, आणि स्क्रीनला धक्का लागायची भीती. दुसऱ्याचा उपाय एम-सील. ते ठिसूळ, सहा महिन्यांत परत तिथेच. शेवटी सोलापूरच्या त्याच दादांकडे गेलो. त्यांनी आधी बिजागरीचा कडक झालेला नट जरासा ढिला केला. झाकण तुटण्याचं मूळ कारणच ते होतं, आणि ते कुणी बघत नाही. मग उपटलेले पितळी नट जागेवर बसवून भोवती रेझिन भरलं, रात्रभर सुकू दिलं, दुसऱ्या दिवशी स्क्रू कसले. बाराशे रुपये घेतले, बिल मागितल्यावर दिलं, त्यावर तीन महिन्यांची हमी हाताने लिहून. कंपनीच्या अंदाजपत्रकात याच कामाला नवीन झाकण, नवीन बिजागरी आणि साडेसहा हजार होते.

क्रम उलटा झाला असता तर? बिजागरी आधी गावात दुरुस्त केली असती, तर रेझिन बघून कंपनीने ‘अनधिकृत दुरुस्ती’ लिहिलं असतं, आणि बोर्डाचा वाद सुरू व्हायच्या आधीच संपला असता. हात दाखवून अवलक्षण. बोर्ड गावात केला असता तर? मला वाटतं तो चाललाही असता. त्या माणसाच्या हातावर माझा भरवसा आहे. पण चार हजारांत आम्ही एक कपॅसिटर घेतला असता आणि चौदा महिने विकले असते.

याच प्रकरणातली एक गोष्ट वेगळी असती, तर माझा सल्ला पूर्ण फिरला असता: एसएसडी बोर्डवर सोल्डर केलेली असती तर. पातळ लॅपटॉपमध्ये अशी मशिनं आहेत. तिथे वॉरंटीत बोर्ड बदलणं म्हणजे डेटा जुन्या बोर्डाबरोबर कंपनीकडे जाणं. परत मिळत नाही. अशा वेळी बॅकअप नसेल आणि डेटा लाखमोलाचा असेल, तर वॉरंटीवर पाणी सोडून चिप लेव्हलवाल्याकडून तोच बोर्ड जिवंत करून घ्यावा, निदान फाइली निघेपर्यंत. वॉरंटी महिनाभरच उरली असेल, कंपनीने मशीन उघडून पाहून लेखी नकार दिला असेल, किंवा बॅटरीसारखी गोष्ट असेल, तेव्हाही मी सरळ गावातच पाठवतो. बॅटरीची वॉरंटी बहुतेक वेळा एकच वर्षाची असते, मशीनची तीन असली तरी. लोकांना ते तेराव्या महिन्यात कळतं.

केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांच्या वॉरंटीच्या अटी, सुट्या भागांची माहिती एका जागी देण्याचा हेतू आहे. बार्शीत बसून एखाद्या मॉडेलची पुस्तिका हुडकायला कधीकधी उपयोग होतो. आणि ग्राहक आयोगाची ऑनलाइन तक्रार आता ई-जागृती पोर्टलवरून करायची, आधीच्या ई-दाखिलवरून नव्हे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये कंपनीचा फोन आला: वॉरंटी डिसेंबरात संपतेय, आणखी एक वर्ष साडेसात हजारांत वाढवून मिळेल, मुदत संपल्यावर मिळणार नाही. मॅडमनी मला विचारलं. बोर्ड वर्षभर नीट चालतोय, बिजागरीवर आता रेझिन आहे आणि पुढच्या अभियंत्याला ते पहिल्या मिनिटात दिसेल. त्यांनी वॉरंटी वाढवली नाही. त्या पैशांत एक बाहेरची हार्ड डिस्क घेतली आणि उरलेल्यात जुन्या डेस्कटॉपला नवी एसएसडी बसवली. दर शुक्रवारी संध्याकाळी टॅलीचं फोल्डर त्या डिस्कवर जातं, आणि ती डिस्क मॅडम घरी नेतात.